मुलांचे निरोप आणि आईबापांची किल्ली

कामगारांच्या संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाचा मुलांच्या मोबाइलमधील अ‍ॅपशी संबंध काय, असा प्रश्न श्रोत्यांपैकी काहींच्या मनात आला असेल. संबंध आहे, आणि तो दूरचा नाही. मूल आणि कारखाना यांच्यामध्ये कोणी उभे राहावयाचे, आईबापाने, मालकाने की सरकारने, हा प्रश्न कामगार चळवळीइतकाच जुना आहे. त्याचे उत्तर मिळावयास शंभराहून अधिक वर्षे लागली. आज तोच प्रश्न नव्या वेषात आपल्या घरात येऊन बसला आहे. म्हणून मुलांसाठी काढलेल्या निरोपांच्या अ‍ॅपचा थोडा इतिहास आम्ही आज आपणांपुढे मांडणार आहोत.

आधी वस्तू कोणती ते सांगू. मोठी माणसे व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना निरोप, फोटो, आवाज पाठवितात. तशीच सोय लहान मुलांसाठी करावयाची, परंतु मुलाने कोणाशी बोलावे, किती वेळ बोलावे, हे ठरविण्याची किल्ली आईबापांच्या हातात ठेवावयाची, ही या अ‍ॅपमागची कल्पना. कल्पना चांगली आहे. पण कुलूप कोण बनवितो आणि ते पक्के आहे की नाही हे कोण तपासतो, हे दोन प्रश्न राहतात. हा सगळा इतिहास या दोन प्रश्नांभोवती फिरतो.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेत झाला. १९९५ च्या पुढे तेथील घरांत इंटरनेट शिरू लागले, आणि लगोलग मुलांसाठी संकेतस्थळे निघाली. त्यांपैकी ‘किड्सकॉम’ नावाचे एक स्थळ मुलांना त्यांच्या आवडीनिवडींविषयी प्रश्न विचारी आणि उत्तरांबद्दल बक्षिसाचे गुण देई. आवळा देऊन कोहळा काढण्याचा हा प्रकार होता. ‘सेंटर फॉर मीडिया एज्युकेशन’ या संस्थेने १९९६ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी आयोगाकडे त्याविरुद्ध तक्रार केली. आयोगाने मग मोठी पाहणी केली आणि जून १९९८ मध्ये अहवाल दिला. मुलांच्या स्थळांपैकी ८९ टक्के स्थळे मुलांकडून खासगी माहिती घेत होती. आईबापांची परवानगी घे, असे मुलाला निदान सांगणारी स्थळे अवघी २३ टक्के होती. त्याच वर्षी २१ ऑक्टोबर रोजी मुलांच्या खासगीपणाचा कायदा झाला आणि २१ एप्रिल २००० पासून तो अमलात आला. तेरा वर्षांखालील मुलाची माहिती आईबापांच्या खात्रीलायक संमतीवाचून घेता येणार नाही, असे त्यात ठरले.

तेराच का? या वयात मूल शहाणे होते असे कोणा वैद्याने सांगितले नव्हते. सोळा वर्षांपर्यंत काही संरक्षण असावे अशीही सूचना होती. धंदेवाल्यांचा विरोध झाला आणि तडजोड तेरावर झाली. कामगारांच्या करारात पगाराचा आकडा जसा ठरतो तसाच हा आकडा ठरला, म्हणजे दोन्ही बाजूंच्या ओढाताणीने. पण पुढे जगभरच्या कंपन्यांनी तोच आपल्या नियमांत लिहिला.

या कायद्यात एक पळवाट राहिली. जी कंपनी केवळ मुलांसाठी नाही, तिला समोरचा ग्राहक मूल आहे हे प्रत्यक्ष ठाऊक असेल तरच ती जबाबदार. तेव्हा कंपन्यांनी सोपा मार्ग काढला. दारावर जन्मसाल विचारावयाचे. मुलाने चारपाच वर्षे मागचे साल टाकले की दार उघडे. मुलाला खोटे बोलण्याचा पहिला धडा असा मिळाला, आणि कंपनी म्हणावयास मोकळी की आम्हांला ठाऊक नव्हते.

तरीही काही लोकांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केले. कॅनडातील केलोना या गावी २००५ मध्ये ‘क्लब पेंग्विन’ निघाले. बर्फाच्या बेटावर पेंग्विन होऊन मुलांनी खेळावयाचे आणि एकमेकांशी बोलावयाचे. बोलण्याच्या दोन तऱ्हा ठेवल्या होत्या. एकीत मूल स्वतः शब्द लिही, पण ते चाळणीतून जात. दुसरीत तयार वाक्यांच्या यादीतूनच वाक्य निवडावे लागे. यांपैकी कोणती तऱ्हा द्यावयाची ते आईबाप ठरवीत. हे झाले शब्दांचे कुलूप. त्याने घराचा पत्ता किंवा शिवी बाहेर जात नाही हे खरे. पण तयार वाक्यांत मनातले बोलणेही जात नाही. २००७ मध्ये डिस्ने कंपनीने हा खेळ ३५ कोटी डॉलरला विकत घेतला, आणि मार्च २०१७ मध्ये तो बंद झाला.

एव्हाना काळ पालटला होता. घरातल्या टेबलावरचा संगणक मागे पडून मोबाइल खिशात आला होता. व्हॉट्सअ‍ॅप २००९ मध्ये निघाले आणि फेसबुकने २०१४ मध्ये ते घेतले. त्याची वयाची अट तेरा वर्षांची. युरोपात २०१८ मध्ये ती सोळा केली आणि २०२४ मध्ये पुन्हा तेरावर आणली. कागदावर अट होती, पण आठनऊ वर्षांची मुले आईबापांच्या मोबाइलवर सर्रास निरोप पाठवीत होती. ४ डिसेंबर २०१७ रोजी फेसबुकने अमेरिकेत ‘मेसेंजर किड्स’ आणले ते या परिस्थितीत. ते सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी होते. मुलाचे खाते आईबापांनी आपल्या फेसबुक खात्यातून उघडावयाचे, आणि ज्याला आईबाप मान्यता देतील त्याच्याशीच मुलाने बोलावयाचे. जाहिराती नाहीत, आत खरेदी-विक्री नाही. क्लब पेंग्विनने शब्दांना कुलूप घातले होते, येथे ते माणसांना घातले.

पुष्कळ आईबापांना ते आवडले. परगावच्या आजीशी नातवंडाने बोलावे, यात वाईट काय? पण दोन महिन्यांच्या आत, ३० जानेवारी २०१८ रोजी, ‘कॅम्पेन फॉर अ कमर्शियल-फ्री चाइल्डहूड’ या संस्थेने आणि तिच्याबरोबर शंभराच्या आसपास तज्ज्ञांनी व संस्थांनी फेसबुकच्या प्रमुखांना पत्र लिहून हे अ‍ॅप बंद करा अशी मागणी केली. इतकी लहान मुले अशा व्यवहारास तयार नसतात, आजीशी बोलावयास आईचा फोन पुरतो, आणि जी गरज नव्हती ती हे अ‍ॅप निर्माण करील, असे त्यांचे म्हणणे होते. कंपनीने उत्तर दिले की अ‍ॅप आईबाप आणि तज्ज्ञ यांच्या सल्ल्याने केले आहे. दोन्ही बाजूंत तथ्य होते असे आम्हांला वाटते. मुले अगोदरच मोबाइलवर होती हे कंपनीचे म्हणणे खोटे नव्हते. आणि सहा वर्षांच्या मुलाला आजच आपले गिऱ्हाईक करून ठेवण्यात कोणाचा फायदा आहे, हा टीकाकारांचा प्रश्नही खोटा नव्हता.

खरी कसोटी जुलै २०१९ मध्ये लागली. कुलपात खोट निघाली. ती कशी ते उदाहरणाने सांगतो. बंडूच्या आईने चिंगीला मान्यता दिली आहे. चिंगीच्या आईने बंडूला आणि आणखी एका मुलाला, समजा गोट्याला, मान्यता दिली आहे. बंडूची आई गोट्याला ओळखतही नाही. एकास एक बोलताना गोट्या बंडूपर्यंत पोहोचू शकत नव्हता. पण चिंगीने तिघांचा गट काढला की बंडू आणि गोट्या एका ओसरीवर येऊन बसत. दर मुलामागे आईबापांनी ठेवलेला पहारा गटात शिरताच नाहीसा होई. हजारो मुले अशा गटांत सापडली. कंपनीने गट बंद केले आणि आईबापांना कळविले. पुढे मे २०२३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर ठपका ठेवला, की २०१७ च्या अखेरीपासून जुलै २०१९ पर्यंत तिने आईबापांना दिलेली ग्वाही खरी नव्हती.

यात दोष आईबापांचा होता काय? यत्किंचितही नाही. त्यांनी किल्ली नीट फिरविली होती. पण कुलूप आतून कसे आहे हे पाहण्याचा अधिकार आणि साधन त्यांच्यापाशी नव्हते. कारखान्यातील यंत्राला संरक्षक जाळी बसविली आहे की नाही, हे पाहणे जसे मजुराच्या बायकोच्या हातात नव्हते, तसेच हे.

येथे आम्ही आपणांस थोडे मागे नेतो, कारण वय तपासण्याचा आणि जबाबदारी कोणाची हे ठरविण्याचा सगळा झगडा एकदा होऊन गेला आहे. इंग्लंडात कापडगिरण्यांतील मुलांसाठी १८०२ आणि १८१९ साली कायदे झाले, पण तपासावयास पगारी इन्स्पेक्टर नसल्याने ते कागदावरच राहिले. १८३३ च्या कायद्याने नऊ वर्षांखालील मुलास बहुतेक कापडगिरण्यांत कामावर घेण्यास बंदी केली आणि साऱ्या देशासाठी चार इन्स्पेक्टर नेमले. पण मूल नऊ वर्षांचे आहे हे ओळखावयाचे कसे? तेथे जन्माची सरकारी नोंद १८३७ पर्यंत सुरूच झाली नव्हती. तेव्हा डॉक्टराने मुलाकडे पाहून दाखला द्यावयाचा, की अंगकाठीवरून हे नऊ वर्षांचे दिसते. आईबापांना मजुरी हवी असे, मालकाला स्वस्त हात हवे असत, म्हणून दाखले सैल मिळत. १८३७ मध्ये एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने मुलांचे दात तपासून वय ठरविण्याची पद्धत पार्लमेंटपुढे मांडली. आज कंपन्या मोबाइलच्या कॅमेऱ्यातून चेहरा पाहून वयाचा अंदाज करू लागल्या आहेत. यंत्र नवे आहे. अंदाज चुकला तर भोगावयाचे कोणी, हा प्रश्न दोनशे वर्षांचा जुना आहे.

आपल्या मुंबईतही हेच घडले. मुंबई सरकारने १८७५ मध्ये गिरण्यांच्या चौकशीसाठी मंडळ नेमले. त्यातील बहुसंख्य सभासदांनी कायद्याची गरज नाही असे मत दिले. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी चिकाटी सोडली नाही. १८७८ मध्ये त्यांनी स्वतः कायद्याचा मसुदा तयार केला. अखेर १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा झाला. सात वर्षांखालील मुलाला कामावर घ्यावयाचे नाही आणि बारापर्यंतच्या मुलाला दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक राबवावयाचे नाही, एवढेच त्याने दिले. १८९१ मध्ये सातचे नऊ झाले, १९२२ मध्ये बारा, आणि १९४८ मध्ये चौदा. वयाचा आकडा प्रत्येक वेळी झगडून वर सरकवावा लागला. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. एकच मूल एका दिवशी दोन गिरण्यांत काम करते असे आढळू लागले, तेव्हा १९२६ च्या दुरुस्तीने त्याच्या आईबापांनाही शिक्षेस पात्र ठरविले. आईबाप निर्दोष होते असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याच्या घरात एका मजुरीने चूल पेटत नाही, त्याच्यावर दंड बसवून मूल शाळेत जात नाही, हेही आमच्या चळवळीने पाहिले आहे.

ही तुलना आम्ही शब्दशः करीत नाही. गिरणीत मूल राबत होते, अ‍ॅपवर ते खेळते आणि गप्पा मारते. पण एक साम्य पक्के आहे. दोन्हीकडे मुलाच्या वेळेवर कोणाचा तरी नफा उभा असतो, आणि दोन्हीकडे त्रास झाला की बोट प्रथम आईबापांकडे दाखविले जाते.

याचा ताजा पुरावा डिसेंबर २०२२ मधील आहे. ‘फोर्टनाइट’ हा खेळ काढणाऱ्या एपिक गेम्स कंपनीवर फेडरल ट्रेड कमिशनने आरोप ठेवला, की मुले हा खेळ खेळतात हे ठाऊक असूनही अनोळखी माणसांशी लिहून आणि प्रत्यक्ष आवाजाने बोलण्याची सोय तिने पहिल्यापासून उघडी ठेवली. ती बंद ठेवावी आणि ज्याला हवी त्याने उघडावी, असे कंपनीच्याच नोकरांनी २०१७ मध्ये सुचविले होते. पुढे बंद करण्याचे बटण दिले, तेही सहजी सापडू नये अशा जागी. कंपनीने २७ कोटी ५० लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. कामगारांचे ऐकले असते तर हा दंड वाचला असता, असे आम्ही म्हटले तर आमचा धंदा म्हणून सोडून द्या. पण बटण कोठे ठेवावयाचे हे आईबाप ठरवीत नाहीत, एवढे तरी यातून सिद्ध होते.

आता नाण्याची दुसरी बाजू. किल्ली आईबापांच्या हातात असावी हे खरे, पण मुलालाही मन असते. मुलांच्या हक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सोळाव्या कलमात मुलाच्या खासगीपणाचा आणि पत्रव्यवहाराचा हक्क सांगितला आहे. भारताने १९९२ मध्ये तो करार मान्य केला. ब्रिटनमध्ये २०२० साली मुलांसाठी पंधरा नियमांची एक संहिता लागू झाली. तिच्यात आईबापांच्या नियंत्रणाविषयी एक नियम आहे: मुलावर नजर ठेवली जात असेल तर तसे मुलाला स्पष्ट दिसले पाहिजे. चोरून पाळत ठेवावयाची नाही. ॲपल कंपनीने २०२१ मध्ये अशी योजना जाहीर केली होती, की मुलाच्या फोनवर नग्न चित्र आल्यास यंत्राने ते ओळखून सावध करावे, आणि मूल तेरा वर्षांखालील असून त्याने ते तरीही पाहिले तर आईबापांना कळवावे. त्यावर टीका झाली की सगळ्याच घरांतील आईबाप समजूतदार नसतात; काही घरांत अशी वर्दी मुलाच्याच जिवावर उठेल. डिसेंबरमध्ये ही सोय प्रत्यक्ष आली तेव्हा आईबापांना आपोआप वर्दी देण्याचा भाग गाळला होता. मुलाला सावध करणे आणि मदत कोठे मागावी ते सांगणे एवढे ठेवले. आम्हांला हा निर्णय योग्य वाटतो.

सरकारे काय करीत आहेत? ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा करून १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली. त्यात तीन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. आईबापांनी संमती दिली तरी सूट नाही. दंड मुलाला नाही, आईबापांना नाही. तो कंपनीला, आणि तो ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. आणि निव्वळ निरोपांची साधने या बंदीबाहेर ठेवली. व्हॉट्सअ‍ॅप आणि मेसेंजर किड्स यांना ती लागू केली नाही. म्हणजे मुलाने माणसाशी बोलावे याला त्या देशाने हरकत घेतली नाही.

आपल्या देशात २०२३ च्या ऑगस्टमध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. आपण वयाची रेषा तेरावर नव्हे, सोळावर नव्हे, अठरावर ओढली. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी आईबापांची खात्रीलायक संमती हवी. मुलाच्या वागणुकीवर पाळत ठेवता येणार नाही, त्याला नेम धरून जाहिराती दाखविता येणार नाहीत. आणि ही कर्तव्ये मोडल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम प्रसिद्ध झाले तेव्हा कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिन्यांची मुदत दिली. कायदा कडक आहे. पण आईबापांच्या संमतीवर त्याने मोठी भिस्त ठेवली आहे, आणि ती संमती देणारे आईबाप कोण आहेत हे आम्ही रोज पाहतो.

आमच्या सभासदांच्या कितीतरी घरांत एकच चांगला मोबाइल असतो. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि धडे व्हॉट्सअ‍ॅपवर येऊ लागले. त्या वर्षी एप्रिलमध्ये मेसेंजर किड्सही भारतात आले होते, पण शाळेचा गट होता तो मोठ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि खाते होते आईच्या नावाचे. यंत्राच्या लेखी निरोप वाचणारी व्यक्ती चाळीस वर्षांची बाई. प्रत्यक्षात तिचा नऊ वर्षांचा मुलगा. वयाची सगळी कुलपे तेथे निकामी होतात. आई रात्रपाळीला, बाप सकाळपाळीला, सूचना इंग्रजीत. अशा घराला “मुलावर लक्ष ठेवा” एवढे सांगून हात झटकणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे होय.

मग करावयाचे काय? किल्ली वापरावयाचीच. मुलाला मोबाइल द्यावयाचा तर त्याचे खरे वय घालून खाते उघडा. खोटे वय घातले की पुढचे प्रत्येक कुलूप आपणच काढून टाकतो. मुलाचे निरोप पाहणार असाल तर त्याला सांगून पाहा. आणि काही वाईट आले तर ते मूल आपल्याकडे धावत येईल, मोबाइल काढून घेतील या भीतीने लपविणार नाही, असे घरातले बोलणे ठेवा. ही राखण कोणत्याही कंपनीला विकत देता येत नाही, आणि गरिबाच्या घरातही ती होऊ शकते.

पण कुलपाची तपासणी हे एकट्यादुकट्या आईबापाचे काम नव्हे. गिरणीत जाळी बसली ती इन्स्पेक्टर आला म्हणून, आणि इन्स्पेक्टर आला तो माणसे एकत्र येऊन बोलली म्हणून. नव्या कायद्याने माहिती संरक्षणासाठी एक मंडळ निर्माण केले आहे. त्याने मुलांच्या अ‍ॅपची कुलपे स्वतः उघडून पाहावीत, सूचना मराठीत आणि इतर देशी भाषांत द्यावयास लावाव्यात, अनोळखी माणसाशी बोलण्याची सोय पहिल्यापासून बंद ठेवावयास सांगावी, ही मागणी आपण सर्वांनी केली पाहिजे. सुरुवात घराजवळूनच होऊ शकते. जूनमध्ये शाळा उघडतील आणि पालकसभा भरतील. वर्गाचा गट कोणत्या अ‍ॅपवर, कोणाच्या नावाने, आणि त्यात मुलांखेरीज कोण कोण असणार, हे तीन प्रश्न प्रत्येक सभेत एका तरी पालकाने उभे राहून विचारावेत आणि उत्तरे सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावीत.